उजवी बाही

आमच्या घरात एक शर्ट घालायला दोन माणसं लागतात, हे वस्तीत कुणाला माहीत नव्हतं. सकाळी चहा झाला की हे आतल्या खोलीत जायचे, मागोमाग मी जायची आणि दार लोटून घ्यायची. उजवा हात आधी. बाही गोळा करून मनगटापाशी धरायची, हळूहळू कोपरापर्यंत चढवायची, मग खांद्यावर ओढून घ्यायची. त्यानंतर डावा हात आपला आपण जायचा. दुखरा हात नेहमी आधी घालायचा, हे कुणी शिकवलं नव्हतं, रोज करून करून कळलं. खांद्याशी कापड आलं की ह्यांच्या तोंडून बारीक आवाज निघायचा. तेवढ्यात मी खोकायची, म्हणजे बाहेर धाकट्या जावेच्या कानावर तो जाऊ नये.

शेजारणी फिदीफिदी हसायच्या. एवढं लग्न जुनं झालं तरी रोज सकाळी दार लावून काय करतात म्हणे दोघं! हसू दे म्हटलं. लाज परवडते, काम गेलेलं परवडत नाही.

आम्ही दगडखाणीतली माणसं. हे घण मारायचे, मी आणि धाकटी खडी फोडायचो. दगडात सुरुंगासाठी भोक पाडायचं तर दोन गडी लागतात. एकजण बसून पोलादी पहार दोन्ही हातांनी उभी धरतो, दुसरा उभा राहून तिच्या माथ्यावर घण मारतो. धरणारा "घे" म्हणतो तेव्हाच घण खाली येतो. मग तो पहार जराशी फिरवतो, परत म्हणतो "घे". दिवसभर तेच. धरणाऱ्याचं डोकं आणि घण यांच्यामध्ये हातभर जागा असते, म्हणून ही जोडी परक्याबरोबर कुणी लावत नाही. बाप-लेक, नाहीतर भाऊ-भाऊ. आमच्याकडे धाकटे दीर धरायचे आणि हे मारायचे. सात वर्षं जोडी होती. गेल्या थंडीत एका सकाळी घण पहारेवर पडायचा तो दिरांच्या डोक्यावर पडला. दवाखान्यात नेण्याइतकाही वेळ मिळाला नाही.

माणसं गोळा झाली. मुकादमाने विचारलं, "कसं झालं?" ह्यांची दातखीळ बसली होती. आणि मी, ह्याच तोंडाने, सगळ्यांच्या आधी बोलून गेले, "रात्रभर जागे होते हो ते. पोरीला ताप होता. डुलकी लागली असेल, डोकं पुढे आलं असेल." मग ह्यांनीही मान हलवली. "पुढे आलं," म्हणाले. मुकादमाने तेच लिहून घेतलं. त्यानंतर पावसाळ्यापर्यंत ह्यांनी घणाला हात लावला नाही, आणि लोकांना वाटलं, भावाचं दुःख आहे.

आता ह्यात तसं खोटं काय होतं? पोरीला ताप होताच. दीर जागलेही होते. पण धाकटी तिथेच उभी होती, आणि आदल्या रात्री ती झोपली होती. दोन रात्री पोरीला घेऊन बसली होती बिचारी, तिसऱ्या रात्री नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही घ्या जरा हिला, माझे डोळे मिटतायत." आणि सकाळपर्यंत मेल्यासारखी झोपली. माझं वाक्य तिच्या काळजात कुठे जाऊन रुतलं, ते मला तिथल्या तिथे दिसलं. मी ते उपटून काढलं नाही. काढलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, की मग कसं झालं?

तेव्हापासून धाकटी झोपत नाही. आडवी होते, उठते, पोरीच्या कपाळाला हात लावून बघते, बसून राहते. दिवसा बसल्या बसल्या डोळा लागायला आला तर मांडीला चिमटा काढते. आंघोळीच्या वेळी मी डाग पाहिलेत, काळेनिळे, ओळीने. मी विचारलं तर म्हणाली, "खडीची पाटी लागली असेल ताई." पाटी काय मांडीला चावते का? पण मी पुढे विचारलं नाही. विचारण्यात माझंच मरण होतं.

पावसाळ्यात खाण बंद असते. तळ पाण्याने भरतो, चार महिने कुणी उतरत नाही. ह्या पावसाळ्यात धाकटीला नवीनच सुरू झालं. दुपारी सगळं सामसूम झालं की ती हातातलं काम टाकून दारात यायची.

"ताई, ऐकलंत?"

"काय?"

"घे म्हणाले."

"कोण म्हणणार? खाणीत गळाभर पाणी आहे. दरड सुटून पाण्यात पडली असेल."

"दरड घे म्हणते होय?"

एकदा मी तिच्या मागे गेले. ही खाणीच्या काठाशी उभी, पदर डोक्यावर, मान पुढे काढून खाली बघतेय. पाणी हिरवं, काहीएक हालचाल नाही. दंडाला धरून मी तिला घरी आणली. आणि घरी येऊन बघते तर हे दारापुढे पाण्याची बादली डाव्या हाताने उचलतायत, आणि उचलता उचलता स्वतःशीच पुटपुटतायत, "घे". त्यांना स्वतःला कळतही नव्हतं. धाकटीने ऐकलं. तिघंही जिथल्या तिथे उभे. मग मी ओरडले, "बादली आत ठेवा की, पाणी काय बघत उभे राहिलात!" घरात काही सुचेनासं झालं की मी ओरडते, माझा स्वभावच तो.

पाऊस उघडला. पंपाने पाणी उपसायला सुरुवात झाली. आणि तेव्हा कळलं की खाण विकली गेली, नवा मालक आलाय, आणि नव्या मालकाचा नवा नियम आलाय. डॉक्टरीण येणार, प्रत्येकाचं अंग तपासणार, हाडं, सांधे, पाठ, सगळं. ती पास करील त्यालाच कार्ड. कार्ड नाही त्याने घरी बसायचं.

ही बातमी आणली रेडिओने. रेडिओ म्हणजे आमच्यातलाच एक खडीवाला. बटण न दाबता चालू होतो म्हणून नाव रेडिओ. पलीकडच्या खाणीत त्याचा मेहुणा तपासून आला होता. रेडिओने आमच्या अंगणात सगळं करून दाखवलं.

"आधी तीन प्रश्न. अंग कुठे दुखतं का? म्हणायचं नाही. कपडे तुमचे तुम्हाला घालता येतात का?"

"अग्गो बाई! नाहीतर काय सासू घालते?" शेजारीण म्हणाली. सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच.

"तिसरा, जिना चढता येतो का? मग चालून दाखवायचं, वळायचं, परत यायचं. मग असं." त्याने दोन्ही हात डोक्यामागे नेले, कोपरं बाजूला पसरली. "मग कान खांद्याला लावायचा, हा, मग तो. मग हात पुढे, पालथे, उताणे, मूठ. बोटं टेकवायची अंगठ्याला एकेक. मग वाकून पायाचे अंगठे धरायचे. ती पाठीवर दोन बोटं ठेवून बघते मणके हलतात का. मग झोपवते, गुडघे मोडून बघते, वाटीवर टकटक करते. झालं! दहा मिनिटांत माणूस भंगार की चालू, लगेच समजतं."

"हात डोक्यामागे कितपत न्यायचे?" ह्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा ठेवून.

"पार मागे. कान झाकले पाहिजेत. का हो, तुम्हाला काय अडचण? घण मारणाऱ्याचा हात तर आभाळाला लागतो."

"तेच म्हणतोय," हे म्हणाले.

त्या दिवसापासून आमची तालीम सुरू झाली. धाकटी नळावर गेली की घरामागे, पिंपाच्या आडोशाला. उजवा हात कानापर्यंत जायचा आणि तिथे अडायचा, आत कुणी खिळा मारल्यासारखा. मग आम्ही युक्ती काढली. हात वर जात नाही ना, मग डोकं खाली आणायचं. पाय फाकवून उभं राहायचं, कंबर पुढे काढायची, मान झुकवायची, आणि डाव्या हाताने मागून उजव्याची बोटं धरून खेचायची. समोरून बघितलं तर दोन्ही हात डोक्यामागे. ह्यांच्या कपाळावर मोत्यांएवढा घाम यायचा. मी समोर उभी राहून मास्तरणीसारखी सांगायची, "मान फार झुकली. चेहरा हसरा ठेवा. दात खाऊ नका, दिसतं."

"हसून दाखवू होय आता?" हे कळवळून म्हणायचे.

"कार्ड पाहिजे ना? मग हसा."

एकदा आम्ही दोघंही हात डोक्यामागे घेऊन समोरासमोर उभे, आणि धाकटी हंडा घेऊन दत्त म्हणून पुढ्यात. मला वाटलं, मेले. पण ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा. "काय, शाळा भरलीय वाटतं?" तिने हंडा खाली ठेवला आणि आपलेही हात नेले. सहज. कोपरं पार मागे गेली, पक्ष्याच्या पंखांसारखी. "असं ना, भाऊजी? सोपं आहे की." ह्यांनी मान फिरवली आणि पिंपात तांब्या बुडवून उगाच चूळ भरत राहिले. मला वाटलं, सांगून टाकावं. आत्ता, हसतेय तोवर. पण माझं तोंड खोटं बोलायला जेवढं पटकन उघडतं तेवढं खरं बोलायला उघडत नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी ह्यांनी दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या घेतल्या. एक पुरे म्हटलं तर तीन गिळल्या. काट्याच्या खोलीत, जिथे ट्रकचं वजन करतात, तिथे एक टेबल, एक लाकडी बाक आणि दोरीवर चादर टांगलेली. एका घरातले सगळे एकदम आत, असं मुकादम ओरडत होता. आम्ही तिघं आत गेलो. मुकादम दाराशी उभा. पोरीला शेजारणीकडे ठेवलं होतं.

डॉक्टरीण अगदी लहान वयाची. डोळ्यांखाली काळं, पेन्सिल कानावर. कंटाळली होती पण बोलायला गोड. ह्यांना काका म्हणाली.

"काका, अंग कुठे दुखतं? सांधे, पाठ? आखडतं कधी?"

"नाही."

"कपडे तुमचे तुम्हाला घालता येतात? त्रास होतो?"

"हो."

"हो म्हणजे त्रास होतो?"

"हो म्हणजे घालता येतात," मीच बोलले.

"मावशी, काकांना बोलू द्या. जिना चढता येतो?"

"खाणीला एकशे दहा पायऱ्या आहेत बाई. दिवसातून चार वेळा."

तिने तीन खुणा केल्या. "शर्ट काढा, आणि त्या भिंतीपर्यंत जाऊन या."

काढायचं सोपं होतं. बटणं सैल, डावा हात आधी सोडवायचा, खांदा झटकला की शर्ट आपोआप खाली. मी तो उचलून घेतला. हे चालत गेले, वळले, आले. ती मागे जाऊन उभी राहिली, खांदे बघत. उजवा खांदा डाव्याहून बोटभर वर होता. घण मारणाऱ्यांचा असतोच म्हणून मी मनात म्हटलं, आणि तीही बहुतेक तसंच समजली. तिने खांद्याच्या मांसात अंगठा दाबला. हे हलले नाहीत. कान खांद्याला लावले, हा, मग तो.

"आता हात डोक्यामागे. कोपरं मागे."

हे तालमीतल्यासारखे उभे राहिले. पाय फाकले, कंबर पुढे, मान खाली, बोटं गुंतली. झालं.

"परत एकदा काका. मान सरळ ठेवून."

आली का पंचाईत! हे माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघायला लागले. मान सरळ केली आणि हात नेला. कसा नेला ते त्यांनाच ठाऊक. आत काहीतरी कडकन वाजलेलं मला एवढ्या लांबून ऐकू आलं. पण हात गेला. क्षणभर का होईना, गेला.

"दुखलं?"

"नाही."

"घाम आलाय."

"पत्र्याखाली गरम होतंय बाई."

तिची पेन्सिल कागदावर थांबली, मग पुढे गेली. हात पुढे, पालथे, उताणे, मूठ. तिने आपली दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली, "दाबा." दाबली तशी हसून म्हणाली, "सोडा काका, मोडाल." वाकून अंगठे धरले. मणक्यांवर बोटं ठेवून बघितलं. बाकावर झोपवून गुडघे मोडले, वाटीवर टकटक केलं, तळपायाचे घट्टे बघितले. सगळं रेडिओने सांगितलं त्याच ओळीने. त्या पोराच्या तोंडात साखर पडो, असं माझ्या मनात आलं.

"छान," ती म्हणाली. "झालं काका. घाला शर्ट." आणि शेवटचा रकाना भरायला कागदाकडे वळली.

घालायचं आम्ही तालमीत घेतलंच नव्हतं. रेडिओने ते सांगितलं नव्हतं, कारण ती तपासणीच नव्हती. हे रोज सकाळी उभे राहतात तसे उभे राहिले, कोपर कुशीला चिकटवून, मनगट जरासं पुढे. आणि माझे हात, मी सांगते, माझे हात माझे नव्हते. उजवी बाही गोळा केली, मनगटावर चढवली, कोपर, खांदा. ह्यांच्या तोंडून तो बारीक आवाज निघाला. आणि मी खोकले.

खोकल्यावर मला कळलं, आपण कुठे उभे आहोत.

डॉक्टरीण बघत होती. पेन्सिल हवेत.

"मावशी, रोज तुम्हीच घालता?"

मी शर्टाची बटणं लावायला घेतली.

"कधीपासून?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्या माणसाने माझ्यापुढे कधी हात पसरला नव्हता, पण त्या डोळ्यांत तेच होतं. आणि उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. ह्या पावसाळ्यात पाय घसरला हो, खांद्यावर पडले, होईल बरं. एवढं म्हटलं की धकलं असतं. कार्ड नाही तर नाही, निदान बाकीचं सगळं झाकलेलं राहिलं असतं. मी तोंड उघडलं आणि माझी नजर बाकाकडे गेली.

धाकटी बाकाच्या कडेला बसली होती, आपली पाळी यायची म्हणून. रांगेत उन्हात उभं राहून तिला पेंग आली होती. मान एकदा खाली गेली. लगेच तिचा हात पदराखाली मांडीकडे सरकला, आणि तिने चिमटा घेतला, नखं रुतवून, तोंड वेडंवाकडं न करता. डोळे टक्क उघडले.

"दोन पावसाळे झाले," मी म्हणाले. "गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात खांदा धरला. तेव्हापासून मीच घालते."

"म्हणजे दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

दाराशी मुकादमाने पाय बदलला आणि बाहेर बघायला लागला. धाकटीचा हात अजून मांडीवर होता, तसाच राहिला. डॉक्टरीण बिचारी नवीन, तिला काय माहीत? ती लिहिता लिहिता समजावून सांगत होती, "काका, ह्या खांद्याने घण उचलायचा नाही आता. हात मध्येच सुटला आणि समोर कुणी असलं तर..." मग तिला वाटलं असावं की खोलीत काहीतरी बिनसलंय. ती थांबली. चादर तेवढी वाऱ्याने हलत होती.

धाकटीची तपासणी पाच मिनिटांत झाली. सगळं चालू. फक्त मांडीवरचे डाग बघून डॉक्टरणीने विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "माझेच आहेत."

बाहेर आल्यावर ती घराच्या वाटेला लागली नाही. खाणीकडे वळली. आम्ही दोघं मागोमाग, चोरांसारखे. खाणीच्या वरच्या टप्प्यावर, पाणी ओसरलंय तिथे, अवजारांचं खोपट आहे. तिने आत जाऊन एक पहार आणली. मग एक घण ओढत आणला आणि ह्यांच्या पायाशी टाकला. सपाट दगडावर पहार टेकवून ती पाय दुमडून बसली, दीर बसायचे तशीच.

"भाऊजी, घण घ्या."

"अगं, डोकं फिरलं का तुझं?" मी म्हणाले.

"ताई, तुम्ही बोलू नका. एकदा बोललात तेवढं बास झालं."

वर्षभर ती मला उलटून एक शब्द बोलली नव्हती. मी दगडावर बसले.

"मारू नका," ती ह्यांना म्हणाली. "नुसता वर न्या. जाईल तिथपर्यंत. मला बघायचंय."

ह्यांनी घण उचलला. डाव्या हाताने बळ लावलं, उजवा साथीला. घण कानापर्यंत गेला आणि अडला. कोपर बाजूला गेलं.

"इथपर्यंतच?"

"इथपर्यंतच."

"आता सावकाश खाली आणा. यायचा तसा."

घण खाली आला. सरळ नाही, तिरका, उजवीकडून. पहार होती तिच्यापासून वीतभर अलीकडेच तो जमिनीवर टेकला.

धाकटी त्या वीतभर जागेकडे बघत राहिली. "हा तर पहारेवर पडतच नाही."

"नाही."

"मग ते असताना सव्वा वर्ष कसा पडत होता?"

ह्यांनी घण सोडला. गुडघे टेकून तिच्यासमोर बसले आणि तिच्या हातातली पहार डाव्या हाताने हलकेच आपल्याकडे कलती केली. पहार कलली तसे तिचे हात आले, हातांबरोबर खांदे आले, आणि मान पुढे आली. आपसूक. डोकं अगदी घण यायचा त्या वाटेवर.

"तो अशी धरायचा," हे म्हणाले.

खाली पंप चालू होता तो त्याच वेळी बंद पडला की माझेच कान बंद झाले, मला सांगता येत नाही.

"त्यांना माहीत होतं?" धाकटीने विचारलं. मान तशीच पुढे.

"पहिल्याच दिवशी ओळखलं. म्हणाला, दादा, तू मार, मी जमवून घेतो. घरात सांगू नकोस, बायका घाबरतील."

हे मलाही माहीत नव्हतं. दोन वर्षं मी बाही चढवत होते आणि समजत होते की हे ओझं आम्हा दोघांचंच आहे. तिसरा माणूस तर ते थेट डोक्यावर घेऊन बसला होता.

"म्हणजे डोकं पुढे यायचंच."

"रोज यायचं."

"डुलकीने नाही?"

"नाही गं." ह्यांनी पहार सोडली. "जागा होता तो. चांगला टक्क जागा. त्याने 'घे' म्हटलं, मोठ्याने, नेहमीसारखं. माझाच हात वरच्या वर सुटला. माझाच." आणि एवढा दगड फोडणारा माणूस दगडावर कपाळ टेकून पोरासारखा रडायला लागला.

धाकटी रडली नाही. पहार धरून, मान पुढे ठेवून ती बराच वेळ तशीच बसली होती, तिथून काय दिसतं ते बघितल्यासारखी. मग तिने पहार आडवी ठेवली, पदर झटकला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ताई, तुम्हाला ठाऊक होतं."

"खांद्याचं ठाऊक होतं."

"आणि माझे चिमटे?"

"तेही."

मला वाटलं, मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती घरी गेली. पोरीला शेजारणीकडून आणलंसुद्धा नाही. भर दुपारी, दार उघडं, चूल तशीच, ती उंबऱ्याशी आडवी झाली आणि झोपली. आम्ही पोचलो तर तोंड उघडं, एक हात डोक्यामागे, घोरतेय. संध्याकाळ झाली, उठली नाही. मी पोरीला भरवलं, "आई झोपलीय, आवाज करू नको" म्हणून दहादा सांगितलं. येणारेजाणारे तिला ओलांडून आत आले. दुसऱ्या दिवशी उन्हं अंगावर आली तेव्हा तिने डोळे उघडले.

ह्यांना घणाचं कार्ड मिळालं नाही. खडी चाळायला चाळणीवर लावलंय, आम्हा बायकांबरोबर. रेडिओ म्हणतो, "वहिनी, तुमच्यात एक नवीन बाई आलीय." हे ऐकून घेतात. सकाळी मी शर्ट घालते तो आता दार उघडं ठेवून. धाकटी ह्यांच्याशी बोलते, पाणी देते, पोरीला त्यांच्या मांडीवर बसवते. माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ द्या, पाटी उचला, एवढंच. मला 'ताई' म्हणायची ती म्हणत नाही. ती रागावलीय म्हणावं तर रागही दाखवत नाही. तिच्या जागी मी असते तर आकाशपाताळ एक केलं असतं.

काल जेवणाच्या सुट्टीत ती खडीच्या ढिगाला टेकली आणि बसल्या जागी झोपली. मी शेजारीच होते. घण थांबलेले, ट्रक नाही, सगळं सामसूम. आणि खालून, जिथे अजून थोडं पाणी आहे तिकडून, स्पष्ट आवाज आला. "घे." टक्क जाग्या माणसाचा. मी दचकून धाकटीकडे पाहिलं. तिच्या पापणीचीही हालचाल नाही. पलीकडे हे चाळण पुसत होते, त्यांनीही मान वर केली नाही.

परत आला, "घे."

ऊन सरकून धाकटीच्या तोंडावर आलं होतं. मी रिकामी पाटी उचलली आणि भोंगा होईपर्यंत तिच्यावर सावली धरून बसले.